पुदिन्याची काडी

वसंतातल्या मेजवानीचं फळांचं कॉकटेल दरवर्षी वहिनीच करायची. संत्री, स्ट्रॉबेरी, अननस चिरून दोन जग भरायचे. एकात दारू, दुसरा पोरांचा. पोरांचा ओळखू यावा म्हणून त्यात पुदिन्याची काडी. आज धाकटा दीर व्यसनमुक्ती केंद्रातून चार महिन्यांनी घरी येणार होता.

"अहो, यंदा बाटली नकोच," ती नवऱ्याला म्हणाली.

"म्हणजे एकासाठी सगळ्यांना उपास? पाहुण्यांना काय अळणी वाढायचं?" त्याने बाटलीचं बूच काढलंसुद्धा.

वहिनीने वाद घातला नाही. पुदिन्याची जुडी त्याच्या हातात दिली. "मग काडीही तुम्हीच खोचा. पाठच्या भावाला चारचौघांत पोरांचा जग तुम्हीच दाखवा." आणि देवाचं नाव घेत ती पेले पुसायला गेली.

संध्याकाळी बाग माणसांनी फुलली. दीर जगांपाशी आला तशा गप्पा मंदावल्या. सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. मान खाली घालून त्याने विचारलं, "दादा, पुदिना कुठल्या जगात आहे?"

"दोन्हीत आहे रे," दादा म्हणाला, आणि पहिला पेला त्याने स्वतःसाठी भरला.