हरणारा संघ

बाबांचा लाडका बास्केटबॉल संघ पुन्हा सपाटून मार खात होता. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच सामना. लेक आईजवळ टीव्हीपुढे येऊन बसली.

"एखादा ताडमाड गडी आणल्याशिवाय यांचं काही खरं नाही," आई म्हणाली.

लेक चमकली. "अगं, हे तर बाबांचं म्हणणं! तू जन्मभर भांडलीस त्यांच्याशी, की उंची काय चाटायचीय, आधी एकमेकांना पास द्यायला शिका."

"मग आता त्यांची बाजू कोण घेणार?" आईने टीव्हीवरची नजर काढली नाही. "तू माझी घे."

लेकीने थेट आईसारखा हात उडवला.

"उंची काय चाटायचीय? तुम्हाला ना, खेळातलं काडीचं कळत नाही!"

बाबांच्या खुर्चीत आई सरसावून बसली.