पिनियनचे तीन अंश

तीन अंशांत सुधन्वाला लडाख मिळणार होतं. शिवाय हेरंब, साकेत आणि अंशुमन हे ऑफिसातले तीन सोबती, जूनमधले अकरा दिवस आणि बायकोच्या प्रश्नांपासून सुटका. एवढ्या मिळकतीसाठी गॅरेजवाल्या इकराम उस्तादच्या कानात फक्त एक हिंदी शब्द सांगायचा होता. तो सांगून झाला होता. "खाली."

दिल्लीच्या मायापुरीतल्या गॅरेजात रविवारी सकाळी पिकअप चारही चाकांवर उभी होती. तिचा मागचा अ‍ॅक्सल तडकला होता. भंगारातून आणलेला दुसरा चांगला दणकट होता, पण वेगळ्या गाडीचा. त्यामुळे त्यावर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करायच्या होत्या. सध्या त्या वेल्डिंगच्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर अडकवल्या होत्या. टाके तोडून अ‍ॅक्सल जरा फिरवला की त्याच्या मधोमध पुढे आलेल्या पिनियनचं, म्हणजे दातेरी दांड्याचं, तोंड वरखाली व्हायचं. ते पुढून, इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टशी जुळलं तर गाडी निवांत पळणार. नाही जुळलं तर सत्तरच्या पुढे आतल्या माणसाचा चष्मासुद्धा नाकावर टिकणार नाही.

गाडी घेतली होती बायकोचं, विनयाचं नाव सांगून. गुरुग्रामच्या सोसायट्यांमध्ये ती बाल्कनीतल्या बागा लावून देते. ओल्या मातीच्या तीस कुंड्या, सहाशे किलो, रोजची फेरी. "तुझ्यासाठीच घेतली," हे सुधन्वा दोन महिने इतक्या वेळा म्हणाला होता, की हल्ली त्याचं त्यालाही ते पटायला लागलं होतं. आज तिला त्याने कौतुकाने गॅरेज दाखवायला आणलं होतं. मित्र म्हणे सहजच आले होते. रविवारी सकाळी आठला, तिघंही, सहजच.

उस्तादने पिनियनवर कोन मापायचं यंत्र चिकटवलं, आकडा वाचला आणि समाधानाने मान हलवली. वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढणार, तेवढ्यात विनयाने विचारलं, "उस्तादजी, ये नाप कैसे तय करते हैं?"

बावीस वर्षांत उस्तादला असं कुणी विचारलं नव्हतं. तो खुलला. "भाभीजी, जितने वज़न पे गाड़ी चलानी है, उतना वज़न रख के. खाली में मिलाओ तो भरी हुई काँपेगी. भरी में मिलाओ तो खाली काँपेगी. इस गाड़ी में तीन डिग्री का फ़र्क़ है."

"और आपने कितने पे मिलाया?"

"खाली. साहब ने बोला, पहाड़ जाना है."

साकेत आणि अंशुमन एकदम भिंतीवरचं टायरांचं कॅलेंडर वाचायला लागले.  विनया चिडली असती तर सुधन्वाकडे उत्तरं तयार होती. गेल्या आठवड्यात आरशासमोर त्याने तीन पाठ केली होती. पण ती नुसती गाडीच्या मागच्या रिकाम्या हौद्याकडे बघत राहिली. ती कुंड्या मनातल्या मनात खाली उतरवून ठेवतेय, असं त्याला वाटलं.

"उस्ताद, टाके तोड दो," सुधन्वा म्हणाला. "लोड पे मिलाओ. छह सौ किलो."

"अरे यार, होमस्टेचं बुकिंग झालंय," हेरंब म्हणाला, आणि राहिलेलंही सगळं उघड झालं.

"हौद्यात चढ."

"मी?"

"नव्वद किलो आहेस ना?"

"शहाऐंशी," हेरंब दुखावून म्हणाला आणि चढला.

मग धांदल उडाली. साकेत चढला, अंशुमन चढला. शेजारच्या दुकानातून ट्रकचे दोन जुने गिअरबॉक्स साखळीने उचलून आले. तरी ऐंशी किलो कमी पडत होते. "आप भी बैठो, साहब," उस्ताद म्हणाला. सुधन्वा चढला. पाटे कुरकुरत खाली बसले. टाके तुटले, पिनियनचं तोंड फिरलं. गाडीखालून उस्ताद आकडे ओरडत होता आणि लडाखची सगळी मंडळी हौद्यात उकिडवी बसून श्वास रोखून होती. "एक... दो... ढाई... हिलना मत, हेरंब साहब... तीन!" चौघांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशासाठी वाजवतोय, हे हेरंबच्या जरा उशिरा लक्षात आलं.

अ‍ॅक्सलची नळी वाकू नये म्हणून उस्तादने थांबत थांबत वेल्डिंग केलं. तास लागला. शेवटी काच वर करून तो म्हणाला, "अब दुबारा नहीं काटूँगा. नली कमज़ोर हो जाएगी."

तोवर विनयाने पर्सला हात लावला नव्हता. आता तिने फोन काढला. "प्रतीक भैया? कल से टेम्पो मत लाना. हाँ, घर की गाड़ी हो गई."

सुधन्वा हौद्यातूनच म्हणाला, "कोण प्रतीक?"

"छतरपूरचा टेम्पोवाला. वर्षभरासाठी ठरवला होता."

"कधी?"

"तू गाडी माझ्यासाठी घेतोयस म्हणालास ना, त्याच संध्याकाळी."

सुधन्वा हौद्याच्या कडेवरून वाकला. "मग आत्ताच का नको म्हणालीस त्याला? मघाशीच सांगायचं."

"मघाशी नुसते टाके होते," विनया म्हणाली.

त्या रविवारी विनयाचं काहीच गेलं नाही. तिघा मित्रांचे अकरा दिवस गेले, सुधन्वाचं लडाख गेलं. पण त्याला घरी परतताना पुढे, तिच्या शेजारी बसायला मिळालं. वर्षभराचं काम गेलं ते छतरपूरच्या प्रतीकचं, आणि त्याने त्यांचा अ‍ॅक्सल कधी पाहिलादेखील नव्हता.