शिरूरला एक तरी इंजिन

“एक तरी इंजिन शिरूरला द्या,” रोहन म्हणाला.

“न्हाई,” म्हाळू म्हणाला.

हे चहाच्या आधी झालं होतं, चहा पिताना झालं होतं, आणि कप रिकामे झाल्यावर आता पुन्हा झालं.

म्हाळू कोळपे दौंडचा. ‘लोखंडी पायांचं दौंड’ ही त्याची कादंबरी, खरा इतिहास बाजूला ठेवून लिहिलेली. तिच्यात दौंड जंक्शन इतकं वाढतं, की वाफेला रूळ पुरेनासे होतात. इंजिनांना पाय फुटतात आणि ती चालत शिरूरवर हल्ला करायला निघतात. शिरूरकडे काय असतं? मेंढ्या. कादंबरीत दुसरं काहीही शिरूरला दिलेलं नव्हतं. म्हाळूच्या सात पिढ्यांनी मेंढ्या राखल्या होत्या. आता दुसऱ्या कुणीतरी राखाव्यात, असं त्याला वाटत असे.

रोहन शिरूरचा, कंपनीत बॉयलरवर कामाला. त्यानं या कादंबरीचा पटावरचा खेळ केला होता. शिसं ओतून बोटभर उंचीची इंजिनं, कापसाच्या मेंढ्या, प्लायवूडवर रंगवलेली भीमा. दोन हजार साल उजाडलं तेव्हा काम सुरू केलं होतं, आणि अजून बोटांचा रंग निघाला नव्हता. पुण्याच्या प्रदर्शनात खेळ मांडायचा होता. त्यासाठी म्हाळूचा होकार हवा होता, आणि शिरूरच्या बाजूला इंजिन दिसलं तर होकार मिळणार नव्हता.

“असला डाव कोण खेळंल?” रोहन म्हणाला. “शिरूरला रूळ न्हाईत, इंजिन न्हाई. लोक हसत्याल, मामा.”

“हसू द्या की. इतकी वर्सं आमच्यावर हसलेच की.”

रोहनची बहीण तेजश्री कादंबरीच्या पहिल्याच पानावर हसली होती. ते म्हाळूला कळलं होतं, त्यामुळे आल्यापासून त्यानं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बाहेरून धूर येत होता म्हणून तिनं खिडकी लावून घेतली.

मग रोहननं तोड काढली. मेंढ्या एवढ्या पुरेशा आहेत, तर म्हाळूनंच त्या घ्याव्यात. दौंड रोहन खेळेल. मेंढ्या जिंकल्या तर खेळ कादंबरीबरहुकूम. हरल्या तर शिरूरला इंजिन मिळेल आणि म्हाळूनं मुकाट हो म्हणायचं. पंच तेजश्री.

म्हाळूनं पटावरच्या दौंडकडे बराच वेळ पाहिलं. जिंकायचं तर ते त्यालाच मोडावं लागणार होतं.

“मांड,” तो म्हणाला.

इंजिनांनी भीमा ओलांडली. पुढे कोण, मागे कोण हे कादंबरीत सांगितलं होतं, म्हणून ती एकामागोमाग एक अशीच चालत. पाण्यातून निघताना पाय झटकायचे, हेसुद्धा रोहन बोटांनी करून दाखवत होता. वाटेत जे लागलं ते त्यानं तुडवलं. म्हाळूला त्यानं आता पळायला लागा, असं सुचवलं. म्हाळूनं सगळ्या मेंढ्या शिरूरच्या अलीकडे, निमोणे गावाजवळ वाटेवर आडव्या आणल्या आणि बसवल्या.

“हे काय?” रोहननं विचारलं.

“बसल्यात. रवंथ करत्यात.”

जनावर आडवं आलं तर इंजिन थांबेल आणि शिट्टी देईल, असा नियम होता. तो रोहननं विचार न करताच लिहिला होता. इंजिनं तसंच करतात. शिट्टी पंचानं तोंडानं द्यायची होती. तेजश्रीनं ती चांगली लांबवून दिली. मेंढ्या बसून राहिल्या. शिट्टी ऐकून मेंढ्यांनी उठावं, असा नियम रोहननं लिहिलाच नव्हता.

“उठवा त्यांना.”

“कुठल्या नियमानं?”

रोहननं बहिणीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले आणि पुन्हा शिट्टी दिली.

इंजिन जागेवर थांबलं की दर डावाला त्याच्या पुठ्ठ्याच्या घड्याळातला दाबाचा काटा चढत असे. काटा लालमध्ये गेला की इंजिन फुटायचं. बाजूनं काढतो म्हटलं, तर रांग मोडायची सोय नव्हती. शिट्ट्या चालू होत्या. शिट्ट्यांनी तेजश्रीचे गाल दुखायला लागले.

पहिलं इंजिन फुटलं. म्हाळूनं ते पटावरून उचललं, धोतरानं पुसलं आणि शेजारी आडवं ठेवलं. मागचं पुढे आलं, मेंढ्यांपाशी थांबलं, तेही फुटलं. तेही त्यानं पुसलं. शेवटच्या इंजिनाच्या वेळी त्याचा हात थोडा थांबला, पण मेंढ्या काही त्यानं उठवल्या नाहीत.

पटावर भीमेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही वाफ उरली नाही.

रोहन पार लाल झाला होता. “सोताचं दौंड सोताच्या हातानं मोडलंत. एक इंजिन आमाला दिलं असतं, तर काय बिघडलं असतं?”

“तुमच्याकडं एक जरी आलं, तर माझ्या कादंबरीत राहिलं काय?” म्हाळू म्हणाला. “नियम हाय तसाच ऱ्हाईल. ने पुण्याला.”

होकार मिळाला होता, तरी रोहननं सोंगट्या डब्यात अक्षरशः फेकल्या. थांबा असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हाळूही थांबला नाही.

तो जिना उतरला, शिरूर जंक्शनच्या फलाटांवर पाय दुमडून बसलेल्या इंजिनांमधून वाट काढत बाहेर आला, आणि दौंडला जाणारी एकुलती एक बैलगाडी चुकू नये म्हणून पळत सुटला.