खानविलकरांचा त्याग

मस्कतमधल्या कोकणवासीयांच्या मंडळाची निवडणूक तोंडावर आली, आणि नेमकी तेव्हाच बांधकाम कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली. अध्यक्षपदाचे उमेदवार श्रीरंग खानविलकर यांच्या रोजच्या प्रचारसभेला मात्र गर्दी वाढतच होती. आपलं भाषण लोकांना भिडतंय, असं ते घरी आल्यावर बायकोला, पूर्वाला, न चुकता सांगत.

तरीही प्रतिस्पर्ध्याला गार करायचं तर काहीतरी जोरदार हवं होतं. म्हणून एका सकाळी मस्कतच्या वादी कबीर भागात भर उन्हात उभं राहून त्यांनी व्हिडिओ केला. "माझ्या बांधवांच्या नोकऱ्या जात असताना मी मतं मागत फिरणार नाही. आजपासून माझ्या सगळ्या सभा बंद!" डोळ्यांत पाणी येईना, म्हणून पूर्वाला तो चार वेळा घ्यावा लागला.

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. कुणीतरी 'त्यागमूर्ती' असं लिहिलं, आणि ते वाचून मात्र खानविलकरांचे डोळे खरोखरच भरून आले.

संध्याकाळी माबेल्याच्या कामगार वस्तीतून भिकाजीचा फोन आला. पंधरा दिवसांपूर्वी काम सुटलेला हा वेल्डर सभेत कायम पहिल्या रांगेत बसायचा. आपलं कौतुक पूर्वालाही ऐकू जावं, म्हणून खानविलकरांनी फोन स्पीकरवर टाकला.

 

"साहेब, सभा तेवढ्या बंद करू नका हो. काम सुटल्यापासून आमच्या खोलीतले आम्ही सहा जण रोज तिथंच जेवतोय."