एसटीची ओटी

डेपोत नव्या गाड्या आल्या तशा लांब नाकाच्या जुन्या एसट्या एकेक करून भंगारात निघाल्या. कोणती गेली, कोणती उरली, याची खबर धामणगावच्या गोजरबाई थांब्यावर येऊन न चुकता घेत. उरलेल्या शेवटच्या गाडीतूनच त्या नवरी होऊन गावात आल्या होत्या. आज तिची अखेरची फेरी. गाडी थांबताच त्यांनी तिच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि खणा-नारळानं ओटी भरली. ड्रायव्हर हसला, "मावशी, ही सासरी नाही, भंगारात चालली!" "मंग? जिनं मले सासरी आणलं, तिले रिकामी धाडू काय?" निघताना ड्रायव्हरनं हँडल मारमारून घाम गाळला, गावानं मागून धक्का दिला, पण गाडी काही जागची हलेना. सगळ्यांचे चेहरे पडले. गोजरबाईंनी मात्र आनंदानं पदर खोचला. "सूनबाई, चुलीवर पुरण चढव! लेकीचा माहेरातून पाय निघून नाही राह्यला!"