काचेवरची चमक

"पुन्हा फिरला! इंदू, बाहेर ये जरा. फिल्टर पुन्हा फिरला!"

इंदुमती ओले हात पुसत अंगणात आली. दिवाकर रस्त्यापलीकडे लावलेल्या गाडीत बसून मोबाइलकडे डोळे फाडून बघत होते. गाडीच्या पुढच्या काचेआड बसवलेल्या कॅमेऱ्यात सकाळी टिपलेलं सगळं मोबाइलवर दिसायचं. म्हणजे दिसायला हवं होतं. आज पुन्हा पांढरी चमक. गेट धूसर, गेटला अडकवलेली दुधाची पिशवी धूसर. मग एक सावली आली, गेटशी घुटमळली आणि निघून गेली. पिशवीही गेली.

"जाऊ द्या ना," इंदुमती म्हणाली. "दूधच तर आहे. मी कोपऱ्यावरून पाकीट आणते."

"प्रश्न दुधाचा नाहीये. रोज कुणीतरी आपल्याला उल्लू बनवतंय!"

वीज मंडळातून निवृत्त होईपर्यंत दिवाकरांनी कुणाची लबाडी खपवून घेतली नव्हती. आणि आता सुदामा नगरात, स्वतःच्या दारात हा प्रकार. दिवाळीनंतर सुरू झाला तो थांबेना. त्यांचा संशय पूर्णिमावर होता. ती उजाडता उजाडता गल्लीतल्या गाड्या धुवायला यायची. दिवाकरांनी तिचं काम बंद केलं, आणि शेजारच्या अमिताताईंनाही बंद करायला लावलं.

पूर्णिमा गेटशी येऊन रडली होती. "अंकलजी, कैमरे में मेरा मुँह दिखे तब बोलना."

तेच तर दिसत नव्हतं. गाडी नाक गेटकडे करून उभी केली तरी उजाडताना आभाळाचा सगळा उजेड काचेवर पडायचा. ती चमक मारायला भिंगावर एक गोल फिल्टर बसवला होता. फिल्टर अमुक जागी फिरवला, त्यावरचा पांढरा ठिपका बरोब्बर वर आला, की काच जणू नाहीशीच व्हायची. दिवाकर रोज संध्याकाळी ठिपका वर आणून ठेवत. सकाळी तो बाजूला सरकलेला असायचा.

"चल," ते म्हणाले. "आज त्या कॅमेरेवाल्या उदयसिंहला सोडत नाही."

इंदुमती शेजारी येऊन बसली. हल्ली ते गाडी काढताना ती कधी एकट्याला जाऊ देत नसे. जुन्या इंदूरमधलं दुकान आधी सापडेचना. एक वळसा जास्त पडला. दुकानांच्या पाट्या रोज बदलतात, त्याला कोण काय करणार!

उदयसिंहने फिल्टर काढला, बोटांनी फिरवून पाहिला, परत बसवला.

"रिंग टाइट है, अंकलजी. अपने आप घूम ही नहीं सकती. कल भी तो बताया था आपको."

"कल? दुसऱ्या कुणाला सांगितलं असशील, भिया. नकली माल विकायचा आणि वर बहाणे!"

उदयसिंहने नवा फिल्टर लावून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाही ठिपका सरकलेला होता. पिशवी नव्हती. दिवाकरांनी मोबाइल सीटवर आपटला. त्यांना वाटलं, अख्खी दुनिया एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला. घरात आले तर टेबल रिकामं.

"आज चहा मिळणार आहे की नाही?"

इंदुमतीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा आधण ठेवलं.

त्यांनी फोन करून करून उदयसिंहला भंडावलं. शेवटी संध्याकाळी तो स्वतःच घरी आला. "एक बूँद गोंद डाल देता हूँ. फिर कोई चाहे तो भी नहीं घुमा पाएगा."

"गोंद नको," इंदुमती पटकन म्हणाली. "भिंग खराब होईल. अहो, राहू द्या ना. कॅमेराच काढून टाकू या."

"तुला नेमकं झालंय काय? चोर पकडायची वेळ आली आणि तू मोडता घालतेस!"

उदयसिंहने ठिपका वर आणला आणि फिल्टर चिकटवून टाकला. इंदुमती आत निघून गेली. रात्री ती जेवली नाही.

सकाळी पिशवी गायब होती. दिवाकरांना इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. त्यांनी उदयसिंहला बोलावलं. पूर्णिमालाही बोलावलं. तिच्या तोंडावरच दाखवायचं होतं. ती पदर घट्ट धरून बाजूला उभी राहिली. इंदुमती पायरीवर बसून होती, उठली नाही.

"या, सगळे बघा!"

चित्र आरशासारखं लख्ख होतं. गेटची जाळी, फरशीवरचं पाणी, पिशवीवरची निळी अक्षरं, सगळं वाचता येत होतं. मग घराचं दार आतून उघडलं. एक म्हातारा बाहेर आला. त्याने सावकाश गेट उघडलं, पिशवी काढली, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन ती झुडपाआड अलगद ठेवली. परत आला, गेट लावलं आणि आत जाऊन दार ओढून घेतलं.

उदयसिंहने मान खाली घातली. पूर्णिमाची नजर मोबाइलवरून उठली आणि दिवाकरांच्या अंगावर येऊन थांबली. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"बघितलंस?" दिवाकर संतापाने म्हणाले. "अगं इंदू, घरात शिरून बसलाय हरामखोर! आणि बघ तर, माझाच स्वेटर घातलाय!"