दोन बोटं कापड

कुत्री विकणाऱ्याच्या पिंजऱ्यातून मी सोडवून आणलेलं छोटेखानी ‘टॉय’ जातीचं पिल्लू बाबांच्या ओंजळीत मावलं. “हृदय अशक्त आहे, अंगात ऊब टिकत नाही. दर दोन तासांनी भरवा, पण फार आशा धरू नका,” डॉक्टर म्हणाले. बाबा शिंपी, शिवलेलं उसवायची पाळी आली की दिवसभर घुश्शात असायचे. त्यांनी गळ्यातल्या टेपने पिल्लाचं माप घेऊन फ्लॅनेलचा कोट बेतला, पण छातीपाशी दोन बोटं जादा कापड दुमडून शिवलं. “अहो, ते जगेल का याचीच खात्री नाही,” आई हळूच म्हणाली. “लेकरांचे कपडे नेमक्या मापाचे शिवत नसतात,” बाबा गुरकावले आणि ड्रॉपरने दूध पाजू लागले. महिनाभर गिऱ्हाइकं खोळंबली. पिल्लाची एकही वेळ चुकली नाही. आज कोटाचं बटण लागेना. बाबांनी चष्मा चढवला आणि शीळ घालत शिवण उसवली.